घरी अडकलेल्यांसाठी कॅरम : 12 मिलिमीटर प्लायच्या बोर्डाचे परीक्षण

वडिलांच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळे घरातल्या सर्वांचेच बाहेर पडणे कमी होणार, हे ओळखून मालिका आणि मोबाइल यांना पर्याय म्हणून आम्ही दादरच्या एका दुकानातून पूर्ण आकाराचा कॅरमबोर्ड घेतला. नियमाप्रमाणे खेळण्याचा पृष्ठभाग साधारण 74 सेंटिमीटर चौरस आणि प्लाय किमान 8 मिलिमीटर जाडीचा असावा लागतो. आमचा 12 मिलिमीटरचा आहे आणि घरगुती खेळासाठी तो पुरेसा आहे, अशी माझी खात्री झाली आहे. स्ट्रायकर जोरात मारल्यास तो समोरच्या चौकटीवर आपटून तीन-साडेतीन फेऱ्या सहज मारतो, आणि बोर्डाची हीच खरी परीक्षा असते. बोरिक पावडर मात्र चिमूटभरच टाकावी, कारण जास्त झाली की सोंगट्या भरकटतात आणि सतरंजीही पांढरी होते.

सोबत मिळालेल्या प्लॅस्टिकच्या सोंगट्या अगदीच सुमार असून धक्का लागताच उसळतात, त्यामुळे लाकडी संच वेगळा घ्यावा लागला. जाळ्याही लवकर सैल पडतात. तरीही राणी घेतल्यावर ती कव्हर करताना, म्हणजे तिच्या लगेच पाठोपाठ आपली सोंगटी घेताना, वडील जितके एकाग्र होतात, तितके ते व्यायामाच्या वेळी कधीच होत नाहीत. बोर्ड जड असल्यामुळे तो रोज उचलून ठेवणे एकट्याचे काम नाही. घरात जागा असल्यास स्टँडही अवश्य घ्यावा, विशेषतः ज्यांना मांडी घालून बसता येत नाही त्यांच्यासाठी.