डिसॅबिलिटी पेन्शनच्या दाव्याची सेवा: पाचपैकी दोन तारे

सैन्यदलातून निवृत्त होताना अंगात राहून गेलेल्या दुखापतीबद्दल किंवा व्याधीबद्दल जे विकलांगता निवृत्तिवेतन मिळते, त्याला आमच्या भागात सरसकट ‘डिसॅबिलिटी’ म्हणतात. या डिसॅबिलिटीच्या दाव्याचे कागद मी गेली सहा वर्षे माझ्या थोरल्या मामांच्या वतीने सांभाळतो आहे. मामा चोवीस वर्षांच्या नोकरीनंतर हवालदार म्हणून पेन्शनीवर आले. शेवटची चार वर्षे कमरेच्या मणक्याची चकती सरकल्यामुळे ते ‘लो मेडिकल कॅटेगरी’त, म्हणजे खालच्या वैद्यकीय श्रेणीत, होते. त्यांचे पथक कोणते आणि आम्हांला कोणत्या कार्यालयांचा अनुभव आला, हे मी मुद्दाम लिहीत नाही, कारण इतर माजी सैनिकांशी बोलल्यावर हा दोष एका कार्यालयाचा नसल्याचे माझ्या लक्षात आले आहे.

आधी या सेवेतून नेमके काय मिळायला हवे ते सांगतो. विकलांगता शंभर टक्के असेल, तर शेवटच्या वेतनाच्या 30 टक्के इतका विकलांगता घटक मिळतो, आणि युद्धातील जखमेसाठी हेच प्रमाण 60 टक्के आहे. टक्केवारी कमी असेल, तर रक्कम त्या प्रमाणात कमी होते. शेवटचे वेतन 40,000 रुपये धरले, तर 20 टक्के विकलांगतेचे दरमहा 2,400 रुपये होतात. मात्र ‘ब्रॉड बँडिंग’च्या तरतुदीनुसार पन्नासच्या खालची टक्केवारी पन्नास धरली जाते आणि तेच 2,400 रुपये 6,000 होतात. ही सवलत 1996 पासून होती, पण ती फक्त प्रकृतीच्या कारणाने मुदतीपूर्वी घरी पाठवलेल्यांना दिली जात असे. नोकरीची मुदत पूर्ण करून निवृत्त होणाऱ्यांनाही ती लागू आहे, हे ठरायला सर्वोच्च न्यायालयाचा 10 डिसेंबर 2014 चा राम अवतार प्रकरणातील निकाल यावा लागला. गावात घर चालवणाऱ्या माणसाला महिन्याचे सहा हजार रुपये ही लहान रक्कम नाही.

हे सारे ज्यावर अवलंबून असते तो कागद म्हणजे निवृत्तीपूर्वी होणाऱ्या ‘रिलीज मेडिकल बोर्डा’चा अहवाल. डॉक्टरांचे मंडळ त्यात दोन गोष्टी लिहिते: विकलांगता किती टक्के आहे, आणि ती सैनिकी सेवेमुळे उद्भवली किंवा वाढली आहे का. पैकी टक्केवारीवरून फारसे भांडण होत नाही. सगळे घोडे अडते ते दुसऱ्या रकान्यात. व्याधी सेवेमुळे उद्भवलेली नाही आणि वाढलेलीही नाही, अशा अर्थाचा शेरा तिथे ‘एनएएनए’ या इंग्रजी आद्याक्षरांत लिहिला जातो. मामा तो सरळ ‘नाना’ असा वाचतात. ‘चोवीस वर्षं नोकरी केली आणि जाता जाता नाना भेटले,’ हे त्यांचे ठरलेले वाक्य आहे. त्यांची विकलांगता 20 टक्के, कायमची, असे त्याच कागदावर लिहिलेले होते. पुढे मात्र ‘नाना’ होते, आणि खुलाशादाखल एवढेच, की त्रास सुरू झाला तेव्हा जवान शांतता क्षेत्रात नेमणुकीवर होता.

या खुलाशाविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण माझ्या मते सेवेचा खरा दोष इथेच आहे. सैन्यदलाच्या वैद्यकीय सेवांच्या नियमावलीतील परिच्छेद 423 असे सांगतो, की विकलांगतेचे कारण रणक्षेत्रात घडले की शांतता क्षेत्रात, याने काहीही फरक पडत नाही. भरतीच्या वेळी वैद्यकीय तपासणीत ज्याची नोंद झाली नाही असा आजार पुढे उद्भवला, तर तो सेवेमुळे झाला असे गृहीत धरावे, उलट सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची आहे आणि शंकेचा फायदा सैनिकाला द्यावा, असे सर्वोच्च न्यायालयाने 2 जुलै 2013 रोजी धरमवीर सिंग प्रकरणात स्पष्ट केले. धरमवीर सिंग 1985 मध्ये सिग्नल्समध्ये, म्हणजे लष्कराच्या संदेशवहन दलात, भरती झाले होते आणि अपस्माराच्या कारणावरून 1994 मध्ये त्यांना घरी पाठवण्यात आले. त्यांची टक्केवारीही वीसच होती. त्यांना न्याय मिळायला एकोणीस वर्षे लागली, हे एक वेळ समजून घेता येईल, कारण तेव्हा मुद्दा अनिर्णित होता. पण मुद्दा निकाली निघाल्यावर अनेक वर्षांनी झालेल्या मामांच्या बोर्डात तोच शेरा त्याच कारणासह लिहिला जातो, हे कसे समजून घ्यायचे? नियम सैनिकाच्या बाजूने आहे, निकालही त्याच्या बाजूने आहे, आणि तरीही तो रकाना भरणारा हात जुन्या वळणानेच चालतो.

दावा फेटाळल्याचे पत्र आम्हांला निवृत्तीनंतर सात महिन्यांनी आले. त्याविरुद्ध पहिले अपील करायला सहा महिन्यांची मुदत असते. पत्रात निर्णय होता, पण बोर्डाच्या अहवालाची प्रत सोबत नव्हती, आणि त्या प्रतीशिवाय अपिलात लिहिणार काय? प्रत मागितली तेव्हा उत्तरच आले नाही. शेवटी दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडून माहितीच्या अधिकाराखाली अर्ज केला, तेव्हा तीस दिवसांच्या मुदतीत, खरे सांगायचे तर अठ्ठाविसाव्या दिवशी, इतकी फिकट प्रत आली की डॉक्टरांची अक्षरे ओळखण्यासाठी आम्ही ती खिडकीच्या काचेला लावून वाचली. या एकाच कागदापायी पहिले पाच महिने गेले. पुढे पहिल्या अपिलाचे उत्तर यायला चौदा महिने लागले आणि दुसऱ्या अपिलाला त्याहून जास्त. दोन्ही उत्तरांतील मजकूर जवळजवळ एकच होता. आम्ही उद्धृत केलेल्या परिच्छेद 423 विषयी त्यांत एक शब्दही नव्हता.

ज्यांच्यामुळे मी दोन तारे देतो आहे, त्यांच्याविषयीही लिहायला हवे. आमच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातील लिपिक स्वतः माजी सैनिक आहेत. अपिलाचा मसुदा त्यांनी आमच्याकडून तीनदा लिहून घेतला, मुदतीची तारीख कॅलेंडरवर लाल शाईने मांडून ठेवली आणि एकदाही ‘उद्या या’ म्हणाले नाहीत. त्यांच्या हातात अधिकार काहीच नाही, हा भाग वेगळा. पैसे वाटपाची बाजूही पूर्वीपेक्षा सोपी झाली आहे. ‘स्पर्श’ ही ऑनलाइन प्रणाली आल्यापासून निवृत्तिवेतन बँकेच्या मध्यस्थीशिवाय थेट प्रयागराजच्या लेखा कार्यालयाच्या व्यवस्थेतून खात्यात जमा होते, आणि पीपीओ, म्हणजे निवृत्तिवेतन देण्याचा आदेश, घरबसल्या पाहता येतो. मात्र आमचा प्रश्न मंजूर रक्कम खात्यात पोहोचण्याचा नव्हता, ती मंजूर होण्याचा होता.

विकलांगतेच्या नावाखाली काही जण गैरफायदा घेतात, हा आक्षेप मी ऐकला आहे आणि तो सरसकट खोटा आहे असे म्हणणार नाही. 21 सप्टेंबर 2023 पासून लागू झालेल्या नव्या नियमांमागे तीच चिंता दिसते, आणि मुदत पूर्ण करून निवृत्त होणाऱ्यांसाठी आता ‘इम्पेअरमेंट रिलीफ’ असे वेगळे नावही आले आहे. परंतु गैरफायदा रोखायचा तर तपासणी कसून करावी. उत्तर लांबवल्याने लबाड माणूस थकत नाही, थकतो तो आमच्या मामांसारखा, ज्याला कंबर धरून एसटीने जिल्ह्याच्या गावी जावे लागते. सैनिकांचे खटले कमी व्हावेत म्हणून गोव्याचे मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना 2015 मध्ये तज्ज्ञांची समिती नेमली गेली होती, आणि विकलांगतेच्या प्रकरणांत सरकारने अपिले करत राहण्याच्या सवयीवर तिच्या अहवालाने नेमके बोट ठेवले होते. तो अहवाल मी पुरवणीसारखा जवळ बाळगतो. मामा त्याला ‘तुझी पोथी’ म्हणतात.

दुसरे अपीलही फेटाळल्यावर आम्ही सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे अर्ज केला. इथे एक व्यावहारिक सूचना करतो, कारण तिची किंमत पैशांत मोजता येते. उशिरा अर्ज केल्याने हक्क बुडत नाही, पण सर्वोच्च न्यायालयाच्या 2008 च्या तरसेम सिंग प्रकरणातील निकालाचा आधार घेऊन थकबाकी सहसा अर्जापूर्वीच्या तीन वर्षांपुरतीच दिली जात आली आहे. म्हणजे कार्यालयाने उत्तर लांबवले आणि सैनिक विश्वासाने वाट पाहत बसला, तर त्या वाट पाहण्याचा खर्च सैनिकाच्याच खात्यातून वळता होतो. आमच्या गावातील, ‘नायक’ या हुद्द्यावरून निवृत्त झालेल्या एका सैनिकाने ‘होईल, होईल’ म्हणत नऊ वर्षे घालवली. म्हणून बोर्ड झाल्या दिवशीच अहवालाची प्रत मागावी, पोच घेतल्याशिवाय कागद देऊ नये, आणि पहिल्या नकाराच्या पत्रावर तारखेचा शिक्का आहे ना ते पाहून पाकीटही जपून ठेवावे.

न्यायाधिकरणात मामांच्या बाजूने निकाल लागला. 20 टक्क्यांचे 50 टक्के धरून विकलांगता घटक द्यावा आणि चार महिन्यांत थकबाकी चुकती करावी, असा आदेश आहे. त्या चार महिन्यांवर आता आणखी दोन महिने उलटून गेले आहेत आणि सुधारित पीपीओ आलेला नाही. मागच्या आठवड्यात मी दूरध्वनी केला, तेव्हा पलीकडच्या गृहस्थांनी फाइल समोर असल्याचे सांगितले, आणि तिच्यातील मेडिकल बोर्डाचा अहवाल नीट वाचता येत नसल्याने आमच्याकडे स्वच्छ प्रत असल्यास पाठवावी, अशी विनंती केली. आम्ही खिडकीला लावून वाचलेल्या त्याच प्रतीची छायाप्रत, वाचता न येणारे शब्द वर निळ्या शाईने लिहून, रजिस्टर पोस्टाने पाठवली आहे.