गच्चीवरची दुर्बीण की टेसचे आकडे? गोव्यातून बाह्यग्रह मोजायचा तर

एमएस्सीच्या प्रकल्पासाठी म्हणा, निव्वळ हौसेपोटी म्हणा, एखाद्या बाह्यग्रहाचे (दुसऱ्या ताऱ्याभोवती फिरणाऱ्या ग्रहाचे) माप काढायचे ठरवले तर गोव्यात बसून दोन वाटा मोकळ्या आहेत. आपली दुर्बीण गच्चीवर लावून ग्रहाचे अधिक्रमण, म्हणजे त्याचे ताऱ्यासमोरून जाणे, स्वतः टिपायचे, नाहीतर नासाच्या टेस उपग्रहाने टिपलेली मोजमापे फुकटात उतरवून घेऊन त्यांवर काम करायचे. शेवटी दोन्हीकडे हाती येतो एकच आलेख: ग्रह समोरून जाताना ताऱ्याचा प्रकाश किती घटला आणि किती वेळ.

तुलनेला एकच ग्रह धरू, वास्प-४३ बी. २०११ साली जाहीर झालेला हा ग्रह आकाराने साधारण गुरूएवढा, आणि ताऱ्याभोवती साडेएकोणीस तासांत फेरी मारणारा. अधिक्रमणात प्रकाश सुमारे अडीच टक्के घटतो आणि सव्वा तासात सगळे आटोपते. तारा १२.४ प्रतीचा (प्रतीचा आकडा जितका मोठा तितका तारा अंधुक), म्हणजे आठ इंची दुर्बिणीच्या आवाक्यातला. मी तो निवडतो त्याचे खरे कारण वेगळे आहे. फेब्रुवारीअखेर तो मध्यरात्री क्षितिजापासून ६५ अंशांवर येतो, आणि तेव्हा गोव्याचे आकाश बहुधा निरभ्र असते. पुस्तकांत पहिल्यांदा भेटणारे एचडी १८९७३३ बी आणि एचडी २०९४५८ बी यांचे तारे कितीतरी उजळ. पण त्यांच्या ऐन भराच्या रात्री आपल्याकडे पावसात जातात. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या संध्याकाळी थोडी संधी उरते, तीही दंवाशी झगडत. डिसेंबरात काही हवे असेल तर हॅट-पी-३२ बी बघा.

आकाशाबद्दल एक गैरसमज आहे. पणजीत मांडवीतल्या कॅसिनोंचे दिवे, कळंगुट-बागाचा झगमगाट. तेव्हा सामान गाडीत घालून सत्तरी किंवा काणकोण गाठायलाच हवे, असे लोक सांगतात. तेजोमेघ पाहायला ते ठीक. अधिक्रमणात आपण ताऱ्याची तुलना त्याच चौकटीतल्या शेजारच्या ताऱ्यांशी करतो आणि पार्श्वभूमीचा उजेड वजा करतो. खरा त्रास होतो तो समुद्रावरून सरकणाऱ्या विरळ ढगांचा, दमट हवेचा आणि भिंगावर बसणाऱ्या दंवाचा. म्हणून मला विचाराल तर वीज आणि इंटरनेट असलेली घरची गच्ची नेत्रावळीच्या अंधारापेक्षा बरी.

सामान किमान एवढे हवे: आठ इंची दुर्बीण, ताऱ्यामागे फिरणारे मोटरचे माउंट आणि एकरंगी कॅमेरा. एकेका मिनिटाचे एक्स्पोजर घ्यायचे, आधी एक तास आणि नंतर एक तास धरून, म्हणजे सलग तीन तासांहून जास्त. पुढचे काम अ‍ॅस्ट्रोइमेजजे या मोफत सॉफ्टवेअरवर होते. रात्र बरी असली तर प्रत्येक बिंदू हजारात तीन ते पाच इतक्या चुकीचा मिळतो. अधिक्रमणाने आलेखात पडणारी पंचवीस हजारांशांची (अडीच टक्क्यांची) खोच त्यात स्पष्ट दिसते, तिचा नेमका आकार मात्र पुसट राहतो.

टेसपुढे हे काहीच नाही. २०१८ च्या एप्रिलमध्ये सोडलेला हा उपग्रह आकाशाचा एकेक पट्टा (सेक्टर) सुमारे २७ दिवस बघतो. वास्प-४३ चे दर दोन मिनिटांचे आकडे २०१९ च्या नवव्या सेक्टरमध्ये आहेत. एका सेक्टरमधली पंचवीसेक अधिक्रमणे एकावर एक रचली की आलेख गुळगुळीत होतो. पायथन येत असेल तर लाइटकर्व्ह हे पॅकेज दुपारभरात शिकता येते. खोट एकच: टेसचा एक पिक्सेल २१ विकलांचा (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग), त्यामुळे शेजारच्या ताऱ्याचा प्रकाश मिसळून खोच उथळ दिसू शकते. तयार आलेखात ही दुरुस्ती केलेली असते, तरी शेजार तपासून घ्यावा.

आता मुख्य गोष्ट, जिच्याकडे सगळे काणाडोळा करतात: तारा. खोचेचे वर्गमूळ ग्रहाच्या आणि ताऱ्याच्या त्रिज्यांचे फक्त गुणोत्तर देते. इथे ते ०.१५८. ताऱ्याची त्रिज्या सूर्याच्या ०.६७ पट धरली तर ग्रह गुरूपेक्षा किंचित मोठा येतो. ताऱ्याची त्रिज्या दहा टक्क्यांनी जास्त धरली गेली तर ग्रहाचीही तितकीच जास्त, आणि ग्रहाची घनता पाव हिश्श्याने कमी. आलेख कितीही देखणा असला तरी ही चूक त्यात दिसत नाही. ताऱ्याची त्रिज्या ताऱ्यांची अंतरे मोजणाऱ्या गाया उपग्रहाच्या तिसऱ्या संचातल्या अंतरावरून आणि वर्णपटातून मिळालेल्या तापमानावरून काढावी लागते.

या त्रिज्येची उलटतपासणी मात्र आलेखातच असते, ताऱ्याच्या घनतेवरून. फेरीचा काळ आणि कक्षा ताऱ्याच्या त्रिज्येच्या किती पट (इथे सुमारे ४.९) एवढे कळले की, कक्षा वर्तुळाकार धरून, ताऱ्याची घनता थेट निघते: घनसेंटिमीटरला सुमारे ३.४ ग्रॅम. सूर्याची १.४१. पण ही ४.९ ठरते ती ग्रह चकतीवर चढतानाच्या आणि उतरतानाच्या पंधरा-सोळा मिनिटांच्या उतारावरून, आणि तिथेच गच्चीवरचा आलेख लंगडा पडतो. ताऱ्याची घनता हवी असेल तर टेस घ्या, यात मला दुमत दिसत नाही.

ग्रहाचे वस्तुमान दोन्ही वाटांनी मिळत नाही. त्याला ग्रहाच्या ओढीने होणारे ताऱ्याचे डुलणे मोजणारा वर्णपटमापक लागतो, माउंट अबूच्या पारससारखा. वास्प-४३ चे डुलणे सेकंदाला सुमारे ५५० मीटर असल्याचे प्रसिद्ध आहे. तोच आकडा सरळ घ्या.

तेव्हा एप्रिलात अहवाल द्यायचा असेल तर टेस, निःशंक. दुर्बीण आधीच घरात असेल तर टेसचे उत्तर हाताशी ठेवून फेब्रुवारीतली एखादी रात्र गच्चीवर घालवा. निव्वळ यासाठी विकत मात्र घेऊ नका. दुर्बीण नसताना खरी छायाचित्रे हाताळायची असतील तर नासाच्या एक्झोप्लॅनेट वॉच उपक्रमात दुसऱ्यांनी घेतलेली मिळतात.

एका बाबतीत गच्ची आजही उपयोगी आहे: वेळ. युरोपच्या येऊ घातलेल्या एरियल या बाह्यग्रह-मोहिमेसाठी एक्झोक्लॉक प्रकल्प हौशी निरीक्षकांकडून अधिक्रमणांच्या वेळा घेतो. त्यासाठी संगणकाचे घड्याळ आधी इंटरनेटवरून जुळवा, भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा करा, आणि मग सूर्यमालेच्या गुरुत्वमध्याची दुरुस्ती करा, म्हणजे वेळ पृथ्वीऐवजी त्या मध्यावरून पाहिल्यासारखी मांडा. फेब्रुवारीअखेर पृथ्वी या ताऱ्याच्या बाजूला असते, त्यामुळे तिथला प्रकाश आपल्याकडे जवळपास आठ मिनिटे आधी पोचतो.