चुकीच्या कामानंतर बसवलेलं टायमिंग किट: व्हेंटो १.५ टीडीआयवर काही महिन्यांच्या वापरानंतर

गाडी २०१४ नंतरची व्हेंटो, चार सिलिंडरचं १.५ टीडीआय डिझेल इंजिन. त्या काळच्या पोलो आणि रॅपिडमध्येही हेच इंजिन होतं, तेव्हा इथलं बहुतेक सगळं त्या गाड्यांनाही लागू. टायमिंग बेल्ट क्रँक (पिस्टनने फिरणारा दांडा) आणि कॅम (व्हॉल्व उघडणारा दांडा) यांना एका तालात फिरवतो. किटमध्ये हा बेल्ट, टेन्शनर (बेल्ट ताठ ठेवणारी चाकी), आयडलर (बेल्टला वाट देणारी चाकी) आणि वॉटर पंप येतो. माल उत्तम आहे. डब्यात बोल्ट मात्र अपुरे, आणि या कामात अनेक बोल्ट नवेच लागतात.

आधीच्या गॅरेजने बेल्ट आणि टेन्शनर बदलला होता, पंप जुनाच ठेवला होता. चालत्या गाडीत इंजिन एकदम बंद पडलं. सेल्फ मारला की इंजिन हलकं, एकसुरी फिरायचं, कॉम्प्रेशनचे (सिलिंडरमधली हवा दाबली जाण्याचे) ठोके नाहीत. हा आवाज एकदा ऐकला की पुन्हा सेल्फ मारू नका. बॅटरी टाकून, धक्का देऊन बघणाऱ्यांना तर गाडीजवळ येऊ देऊ नका. हे इंटरफिअरन्स इंजिन आहे: बेल्टने साथ सोडली की व्हॉल्व उघडे राहतात, पिस्टन वर येऊन त्यांवर आदळतो आणि प्रत्येक फेरीगणिक नुकसान वाढत जातं.

वरचं प्लॅस्टिक कव्हर काढल्यावर बेल्ट अख्खा दिसला, आणि अशा वेळी भल्याभल्यांची फसगत होते. खाली क्रँकच्या पुलीपाशी दात सोलून गेले होते. ओळखायचं सोपं: क्रँक पान्याने जरासा फिरवायचा आणि कॅमची पुली हलते का ते बघायचं. ती ढिम्म असेल तर निदान झालं. पुढे ग्लो प्लगच्या (थंड डिझेल इंजिन तापवणाऱ्या प्लगच्या) भोकातून छोटा कॅमेरा घालून पिस्टनवर व्हॉल्वचे ठसे आहेत का ते हेड (सिलिंडरवरचं झाकण, ज्यात व्हॉल्व असतात) न उतरवताही दिसतं.

कारण टेन्शनरमध्ये निघालं. त्याच्या पाठीला एक खुंटी असते, ती इंजिनावरच्या खाचेत बसलीच पाहिजे. इथे ती खाचेबाहेर राहिली होती आणि नट तसाच आवळला होता. सुरुवातीला बेल्ट ताठ वाटतो. मग टेन्शनर सरकतो, बेल्ट सैल होतो, फडफडतो आणि क्रँकपाशी, जिथे सर्वांत जास्त ओढ असते, तिथे दात जातात. अशा वेळी ‘बेल्ट डुप्लिकेट निघाला’ हे उत्तर ऐकून गप्प बसू नका, टेन्शनरची पाठ बघायला मागा.

हेड उतरवल्यावर वाकलेले व्हॉल्व तर बदलायचेच, पण गाइडही (व्हॉल्व ज्यांत सरकतात त्या नळ्या) तपासून घ्यायचे. रोलर फॉलोअर (कॅमचा दाब व्हॉल्वला देणारे छोटे भाग) एकेक हातात घेऊन बघायचे. केसाएवढी चीर असली तरी बाद. लेथवाल्याला आधीच सांगून ठेवा की हे डिझेल हेड घासायचं नाही, वाकलं असेल तर बदलायचं. हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधली सील) पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो ते मोजून निवडतात. गॅस्केटवर एक, दोन किंवा तीन भोकांची खूण असते आणि तीच जाडी परत घालायची. हेडचे बोल्ट ताणाचे, म्हणजे एकदाच वापरायचे. जुने परत लावून वाचवलेले पैसे पुढच्या गॅस्केटमध्ये जातात.

आता मुख्य काम. मारुती ८०० वर व्हाइटनरने खुणा करून बेल्ट बदलणारे मिस्त्री इथेही तेच करतात. या इंजिनाच्या कॅम पुलीचे तीन बोल्ट लांबट खाचांतून जातात, म्हणजे बोल्ट ढिले असताना पुली हबवर (कॅमला घट्ट जोडलेल्या मधल्या भागावर) थोडी फिरते. पुलीवर केलेल्या खुणेला मग काही अर्थ उरत नाही. सगळं नेमक्या जागी धरून ठेवायला क्रँकला लॉकिंग टूल, कॅमच्या हबला ६ मिमीची पिन आणि डिझेलच्या हाय प्रेशर पंपाला त्याची पिन, हे तिन्ही हवेच. गॅरेजकडे ती नसतील तर गाडी तिथे ठेवू नका.

बेल्ट चढवल्यावर टेन्शनर ॲलन कीने फिरवून त्यावरचा ताण दाखवणारा काटा खाचेच्या मध्यावर आणायचा, तो तसाच धरून नट २० न्यूटन मीटर आणि त्यावर ४५ अंश. इम्पॅक्ट गन इथे दूरच ठेवावी. मग कॅम पुलीचे नवे बोल्ट आधी २० न्यूटन मीटरला. सगळ्या पिना काढून क्रँक हाताने, इंजिनाच्या नेहमीच्या दिशेनेच, दोन पूर्ण फेऱ्या फिरवायचा. पिना पुन्हा सहज गेल्या तर बोल्टांना शेवटचे ४५ अंश द्यायचे. पिन ठोकावी लागत असेल तर टायमिंग चुकलंय, सरळ पहिल्यापासून सुरुवात. क्रँकच्या बाहेरच्या पुलीचे चार बोल्टही नवेच, १० न्यूटन मीटर आणि ९० अंश.

वॉटर पंप याच बेल्टवर चालतो. तो जुना ठेवून बेल्ट बदलणं म्हणजे अर्ध्या कामाची पूर्ण मजुरी भरणं.

एवढ्या महिन्यांत गाडी पुणे-मुंबई घाटात आणि शहराच्या ट्रॅफिकमध्ये सारखीच चालली. कूलंटची पातळी हललेली नाही, पंपाच्या खाली गुलाबी खपली नाही. थंड इंजिनावर वरचं कव्हर उघडून पाहिलं तर काटा जागेवर, बेल्टची कड सरळ, दोरे सुटलेले नाहीत. स्कॅनरवर पी००१६, म्हणजे क्रँक आणि कॅमचा मेळ नसल्याचा कोड, एकदाही आला नाही. वेगाबरोबर चढत जाणारी हलकी शीळ बेल्ट फार ताठ असल्याचं लक्षण, तीही नाही.

तक्रार एकच होती, आयडलिंगला सीट थरथरायची. बेल्टसाठी उजवा इंजिन माउंट (इंजिन धरून ठेवणारा आधार) काढावा लागतो आणि तो तिरका बसवला की कंप येतो. मिस्त्री इंजेक्टरकडे बोट दाखवत होता. माउंट ढिला करून, इंजिन जॅकवर सावरून, नवे बोल्ट घालून परत आवळल्यावर थरथर गेली.

जुने भाग गॅरेजला देऊ नका. बेल्ट, टेन्शनर, व्हॉल्व यांचे फोटो किलोमीटरच्या आकड्यासकट काढा, आणि हेड उघडताना दुसऱ्या मेकॅनिककडून सही-शिक्क्याचं लेखी कारण घ्या. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि अर्ज ऑनलाइनही होतो. विम्याच्या भरवशावर राहू नका. साध्या पॉलिसीत यांत्रिक बिघाड धरत नाहीत. आधीच्या कामाचं पक्कं बिल मात्र हवंच, आणि त्यावर ‘टायमिंग काम’ एवढंच न लिहिता प्रत्येक भागाचा पार्ट नंबर लिहून घ्यावा.