बावीस रोपांची 'देशी' बाग

ऑगस्टमध्ये आमच्या सापसंदाच्या वेलीला पहिलं फूल आलं आणि आनंद व्हायच्या ऐवजी माझ्या पोटात गोळा आला. फूल तळहाताएवढं, तपकिरी-जांभळं, वर पांढरी नक्षी. सापसंदाचं फूल म्हणजे फिकट हिरवी, बारीक, वाकडी नळी असते, एवढं मला तोवर वाचून कळलं होतं.

आम्ही घोडबंदर रोडला राहतो, तळमजल्यावर. मागच्या खिडकीबाहेर बारा बाय आठची मातीची पट्टी आहे. गेल्या दिवाळीआधी ओवळेकरवाडीच्या फुलपाखरू बागेत फुलपाखरं बघून आले आणि डोक्यात घेतलं की आपल्याकडेही देशी झाडंच लावायची. सोसायटीच्या ग्रुपवर एकाचा मेसेज फिरत होता : 'देशी फुलपाखरू बाग, लावून देणार, तीन महिने देखभाल.' माणूस बोलायला गोड. सापसंदावर कॉमन रोझ फुलपाखरू येतं, बहाव्यावर एमिग्रंट येतं, कढीपत्त्यावर मॉरमन येतं, हे सगळं त्याने घडाघडा सांगितलं. आणि ते खरंच आहे, हीच तर गोम. माहिती खरी होती, रोपं खोटी.

साडेअठरा हजार ठरले, सहा आगाऊ. जूनमध्ये पहिला पाऊस पडल्यावर टेम्पो आला. बावीस रोपं, प्रत्येकाला बांबूच्या काडीवर लॅमिनेट केलेली मराठी पाटी. त्या पाट्यांवर मी भाळले, खोटं कशाला बोलू.

फूल बघून मावसबहिणीला फोटो पाठवले. ती कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवते. रविवारी स्वतःच आली. 'सीता अशोक' पाटीच्या दोन रोपांपाशी जाऊन हसायलाच लागली. "अगं, हा खोटा अशोक! गेटपाशी रांगेने उभे असतात तेच." सीता अशोकाच्या एका देठावर पर्णिकांच्या चार-सहा जोड्या असतात, कोवळी पालवी तांबूस आणि मलूल लोंबणारी असते. खोट्या अशोकाचं पान सुटं, लांब, कडा लाटांसारख्या. फुलाची वाट बघायची गरजच नाही, पान पुरतं. मी एकेकाचे अठराशे मोजले होते.

मग एकेक उलगडत गेलं. बहावा म्हणून दिलेला काशीद निघाला. बहाव्याच्या पर्णिका मोठ्या आणि मोजक्या असतात, काशीदच्या लहान आणि पुष्कळ. तो मूळचा आग्नेय आशियातला, आपल्याकडे रस्त्याकडेला ढिगाने लावलेला. ताम्हण म्हणजे आपलं राज्यफूल, त्याचं पान वीतभर लांब होतं. माझ्याकडचं पान दोन इंचांचं, कारण ती चीनकडची शोभेची जात होती. हळदीकुंकवाची पाच रोपं अमेरिकेतली. त्यावर प्लेन टायगर अंडी घालतं, पण ते काम आपली रस्त्याकडची रुई फुकटात करते. 'देशी रानफूल' अशी पाटी असलेली सहा रोपं म्हणजे चक्क टणटणी! जी जंगलातून उपटून काढायला वनखातं माणसं लावतं, ती मी पैसे देऊन लावली.

सापसंदाचं सगळ्यांत वाईट वाटलं. ती दक्षिण अमेरिकेतली त्याच कुळातली शोभेची वेल होती. ऑस्ट्रेलियात हिने रिचमंड बर्डविंग या फुलपाखराचा घात केलाय. वासावरून मादी फसते, हिच्यावर अंडी घालते, अळ्या पान खातात आणि मरतात. आपल्या कॉमन रोझचं काय होईल याची परीक्षा मला माझ्या अंगणात घ्यायची नव्हती. तीनही वेली त्याच दिवशी मुळासकट काढल्या. तुम्ही घेताना पान नीट बघा : सापसंदाचं लांबट असतं, या वेलीचं रुंद, पत्त्यांतल्या बदामासारखं.

खरी देशी निघाली ती कढीपत्त्याची चार रोपं. खोटा अशोकही परका नाही म्हणा, दक्षिण भारतातला आहे आणि 'टेल्ड जे' फुलपाखरू त्याच्यावर वाढतं, म्हणून ठेवला. पण साठ-सत्तर रुपयांत मिळणारं रोप.

त्या कढीपत्त्यावर सप्टेंबरात मॉरमनच्या अळ्या दिसल्या. लहानपणी त्या हुबेहूब पक्ष्याच्या शिटेसारख्या दिसतात. मी रोज मोजत होते, अकरा होत्या. एका गुरुवारी ऑफिसातून आले तर पानांवर औषधाचा वास आणि खाली मातीत अळ्या गळून पडलेल्या. देखभालवाला पोऱ्या येऊन फवारून गेला होता. फोन केला तर मालक म्हणाला, "ताई, पानं कुरतडलेली दिसली असती तर तुम्हीच ओरडला असतात." फुलपाखरांची बाग विकणारा माणूस!

पैशांचं म्हणाल तर ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला फोन केला. पहिला प्रश्न बिलाचा. माझ्याकडे होता तो 'अंदाजपत्रक' छापलेला कागद, त्यावर 'शोभेची झाडे, नग २२'. ना सीता अशोक, ना देशी. पाट्यांवर सगळी नावं आणि कागदावर एकही नाही, हे चुकून झालेलं नाही. म्हणून सांगते, प्रत्येक रोपाचं शास्त्रीय नाव बिलावर लिहून मागा. जो 'ताई, त्याची काय गरज' म्हणेल त्याच्याकडून कढीपत्तासुद्धा घेऊ नका. आणि पान ओळखीच्या जाणकाराला दाखवल्याशिवाय उरलेली रक्कम देऊ नका. मी टेम्पो उभा असतानाच साडेबारा हजार पाठवून मोकळी झाले होते.

शेवटचा फोन केला तेव्हा पैसे परत मागितले. थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "ताई, वाईट वाटून घेऊ नका, दोन गुलाब पाठवून देतो. देशी आहेत."