५ ते २५ न्यूटन मीटरचा पाव इंची टॉर्क रेंच: टॅपेट कव्हरसाठी घेतला, सहा महिने वापरून लिहितोय

डबा उघडल्या उघडल्या पाच स्टार द्यायचे नव्हते म्हणून थांबलो होतो. आता तीन गाड्यांची टॅपेट कव्हरं (इंजिनच्या डोक्यावरची झाकणं) ह्याच टॉर्क रेंचने, म्हणजे ठरवलेल्या जोराला क्लिक करणाऱ्या पान्याने, लावून झालीयेत, त्यामुळे खात्रीने लिहू शकतो.

घ्यायची वेळ का आली ते आधी सांगतो. बाबांची वॅगनआर आहे, एक लिटरची, तीन सिलेंडरवाली. टॅपेट कव्हरमधून ऑईल पाझरायला लागलं आणि सिग्नलला उभं राहिलं की जळका वास यायचा, कारण ऑईल धूर बाहेर नेणाऱ्या गरम मॅनिफोल्डवर टपकत होतं. एका गॅरेजमध्ये कव्हरखालचं रबरी पॅकिंग बदलून घेतलं, दोन महिन्यांत परत तेच. मग सुट्टीच्या दिवशी सोसायटीच्या पार्किंगमध्ये मीच कव्हर उघडलं तर एका बोल्टच्या भोकातले आटे गेलेले, बोल्ट नुसताच गोल फिरतोय, आणि नवीन पॅकिंग एका बाजूला एवढं चेपलेलं की रबर कडेने बाहेर आलेलं. फार वाईट वाटलं बघून. गळतंय म्हणून अजून आवळा, ह्या एका समजुतीने किती चांगली हेडं (कव्हर ज्यावर बसतं तो इंजिनचा भाग) खराब होतात! अहो त्या कव्हरला आतलं मोठं प्रेशर धरून ठेवायचं नसतं, उडणारं ऑईल अडवायचं असतं फक्त, ते काम रबर करतं, बोल्टने त्याला सगळीकडून सारखं दाबून धरायचं एवढंच. आणि बोल्ट स्टीलचा, हेड अॅल्युमिनियमचं, म्हणजे जास्त आवळलं की आटे हेडचेच जाणार. मला तिथे हेलिकॉईल, म्हणजे नव्या आट्यांची तारेची गुंडाळी, बसवून घ्यावी लागली.

माझ्याकडे अर्धा इंचाचा मोठा टॉर्क रेंच आधीपासून होता, चाकाच्या नटांसाठी घेतलेला, पण त्याचा आकडाच ४० पासून सुरू होतो. ह्या कामाला तो काही उपयोगाचा नाही. कव्हरचे बोल्ट बहुतेक एम सिक्स (६ मिलिमीटर जाडीचे) असतात आणि त्यांना साधारण ८ ते १० न्यूटन मीटर लागतं, काही कव्हरांना त्याहूनही कमी, त्यामुळे आपल्या इंजिनचा आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघूनच घ्या. १० न्यूटन मीटर म्हणजे किती ते हाताला कळत नाही हीच अडचण आहे. २५ सेंटीमीटरच्या रॅचेटच्या टोकाला चार किलोचा जोर लावला की झालं १०, म्हणजे भाजीची भरलेली पिशवी उचलायला लागतो तेवढाच, आणि आपण दणकून आवळतो तेव्हा सहज दुप्पट-तिप्पट जातो.

मुंबईत नागदेवी स्ट्रीटवरून घेतला, अडीच हजारांच्या आतबाहेर पडला. दुकानदाराने आधी मोठाच पुढे केला होता, कव्हरचे बोल्ट म्हटल्यावर हा काढला. डब्यात कॅलिब्रेशनचा कागद आहे, ४ टक्के कमीजास्त असं लिहिलंय. नुसत्या कागदावर विश्वास नको म्हणून घरी तपासला. एक मोठा बोल्ट व्हाइसमध्ये धरला, त्यावर गोटी (सॉकेट), गोटीत रेंच आडवा, आणि गोटीत बसणाऱ्या रेंचच्या चौकोनी टोकापासून २० सेंटीमीटरवर मुठीला ५ किलोची तांदळाची पिशवी दोरीने हळूच सोडली. हिशोबाने ९.८ होतात, वर रेंचचं स्वतःचं थोडं वजन. १० ला सेट केला तर क्लिक झाला, ११ ला सेट केला तर नाही झाला. घरच्या कामाला एवढं मला पुरेसं आहे.

आता क्लिकबद्दल. मोठ्या रेंचचा खाडकन आवाज येतो तसा ह्याचा येत नाही. बोट मोडल्यावर येतो तसा बारीक आवाज आणि तळहाताला एक हलका झटका, बस्स. बाजूला गाडी चालू असेल, कोणी गाणी लावली असतील तर ऐकूच येणार नाही, तेव्हा हळू ओढा आणि लक्ष हातावर ठेवा. एकदा क्लिक झाला की थांबायचं, खात्रीसाठी परत परत टकटक केलं की प्रत्येक वेळी बोल्ट थोडा पुढे सरकतो. पहिल्या दिवशी जुन्या बोल्टवर वीसेक वेळा सराव केला मी, तुम्हीही करा.

कव्हर लावताना इंजिन थंड होतं, जुनं सिलिकॉन आणि ऑईल दोन्ही बाजूंनी पुसून काढलं, बोल्टांची भोकंसुद्धा, कारण आट्यात ऑईल असलं तर त्याच आकड्याला बोल्ट जास्त ओढला जातो. टायमिंग कव्हर हेडला मिळतं त्या दोन कोपऱ्यांवर सिलिकॉनचा छोटा ठिपका, बाकी पॅकिंग कोरडं. सगळे बोल्ट आधी नुसत्या बोटांनी बसवले, बोटांनी जात नसेल तर आटा वाकडा धरलाय, काढून परत लावायचा. मग मधल्यापासून बाहेरच्या बाजूला, आलटून पालटून, पहिला फेरा निम्म्यावर आणि दुसरा पूर्ण आकड्यावर. दुसऱ्या फेऱ्यात आधी आवळलेला बोल्ट अजून पाव फेरा आत गेला तेव्हा कळलं की पॅकिंग कसं हळूहळू बसत जातं ते, एका दमात आवळून हे जमलंच नसतं.

खटकलेल्या गोष्टी पण आहेत. मुठीवरचे आकडे फार बारीक आहेत, पार्किंगच्या ट्यूबलाइटमध्ये मोबाईलचा टॉर्च लागतोच. दुसऱ्या बाजूला इंच पाउंड आहेत, आकडा वाचताना त्यात गल्लत करू नका, १० न्यूटन मीटर म्हणजे ८८ इंच पाउंड होतात. दहा नंबरची गोटी सोबत येत नाही, वेगळी घ्यावी लागते. आणि ५ च्या आसपास मला ह्याचा भरवसा वाटत नाही, क्लिक इतका मऊ होतो की निसटतो, तुमच्या कव्हरचा आकडा ५-६ असेल तर अजून लहान रेंजचा बघा.

काम झालं की मूठ फिरवून सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून डब्यात ठेवायचा, आतली स्प्रिंग दाबलेली राहू द्यायची नाही. गच्च बसलेले बोल्ट सोडवायला तर हा अजिबात वापरायचा नाही, शेजारच्या काकांनी मागितला तेव्हा मी त्यांना साधा टी पाना दिला. वॅगनआरखाली रोज रात्री वर्तमानपत्र टाकत होतो, तीन आठवडे कोरडं निघालं म्हणून टाकायचं बंद केलं, आणि बाबा आता सिग्नलला काच खाली करून बसतात.