म्युझिक मॅन स्टिंगरे स्पेशल: परीक्षण एका छोट्या चाकाचं

स्टिंगरे या बेस गिटारचं नाव निघालं की बोलणं पिकअपपाशी, म्हणजे तारांचं कंपन टिपणाऱ्या चुंबकी भागापाशी सुरू होतं आणि तिथेच संपतं. २०१८ साली आलेल्या स्पेशलमध्ये निओडिमियम चुंबकांचा हमबकर (दुहेरी गुंडाळीचा पिकअप) आहे, १८ व्होल्टवर चालणारा प्रीॲम्प आहे, २१ ऐवजी २२ फ्रेट (बोटांखालच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) आहेत. आवाज भरदार आणि स्वच्छ. पण हा बेस दहा-पंधरा वर्षं वाजवायचा असेल, तर त्याची सगळ्यात मोलाची गोष्ट फिंगरबोर्ड (तारा जिच्यावर दाबतात ती लाकडी पट्टी) बॉडीकडे संपतो तिथे आहे: कडेने भोकं असलेलं, धातूचं एक छोटं चाक. नेकच्या, म्हणजे बेसच्या लांब मानेच्या, आत धातूची सळई असते, तिला ट्रस रॉड म्हणतात. त्या रॉडचा नट तो हाच.

४५-६५-८०-१०० जाडीच्या (इंचाचे हजारावे भाग) तारांचा संच सुरात लावला की नेकवर साधारण ८० किलोंची ओढ बसते. त्या ओढीने लाकूड तारांच्या दिशेने वाकतं आणि नेकच्या पोटातला रॉड त्याला उलट बाजूने तोलून धरतो. थोडा बाक मात्र हवाच. छेडलेली तार मधोमध सगळ्यात जास्त झुलते, आणि बेसची जाड तार तर डोळ्यांना दिसेल इतकी झुलते. तिला तेवढी जागा मिळाली नाही तर ती फ्रेटवर आपटून खरखरते. हा नेमका बाक म्हणजेच रिलीफ.

इतर बेसवर रॉडपर्यंत पोचतानाच दमछाक होते. फेंडर कंपनीच्या जुन्या पद्धतीच्या प्रिसिजन बेसवर नट नेकच्या बुंध्याला असतो. तारा सैल करा, चार स्क्रू काढा, नेक उचला, अंदाजाने फिरवा, सगळं परत जोडा, सुरात लावा आणि मग कळतं की अजून थोडं हवं होतं. नवीन फेंडर बेसवर नट हेडस्टॉककडे, म्हणजे तारांच्या खुंट्या असतात त्या टोकाला आहे, ही मोठी सोय. पण त्याला लागणारी अमेरिकन मापाची ३/१६ इंची ॲलन की (षटकोनी किल्ली) ४.७६ मिलिमीटरची असते. घरातल्या संचात साडेचार आणि पाच मिळते. पाचची आत जात नाही, साडेचारची सैल बसते, आणि जोर लावला की नटाचे कोपरे झिजतात. एकदा ते गोल झाले की काम कारागिराचंच. बहुतेक रिकनबॅकर बेसच्या नेकमध्ये तर दोन रॉड असतात, दोन्ही बेताबेताने हलवावे लागतात.

गंमत म्हणजे १९७६ च्या पहिल्या स्टिंगरेवरही हे चाक नव्हतं. तेव्हा हेडस्टॉकवर गोळीच्या आकाराचा नट होता आणि नेक तीन स्क्रूंवर बसायचा. तारा बनवणाऱ्या अर्नी बॉलने १९८४ मध्ये म्युझिक मॅन कंपनी घेतली, आणि चाक आलं ते त्यांच्या काळात. तारा न काढता, झाकण न उघडता, बेस सुरात असतानाच रॉड फिरतो. बदल केल्या केल्या तारेखाली दिसतो. या चाकाची खरी किंमत यातच आहे, कारण ट्रस रॉड बिघडतो तो बहुतेक वेळा आंधळेपणाने फिरवल्यामुळे.

मोजायची रीत अशी. बेस सुरात लावा आणि वाजवताना धरता तसाच धरा. टेबलावर आडवा ठेवला की नेकच्या वजनानेही माप थोडं बदलतं. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, ई तार, म्हणजे सगळ्यात जाड तार, शेवटच्या फ्रेटवर दाबा. तार आता सरळ पट्टीचं काम करते. आठव्या फ्रेटचा माथा आणि तारेचा तळ यांच्यामध्ये फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांचं माप) सरकवा. तोच गेज, मोटारसायकलचं टॅपेट सेट करताना गॅरेजमध्ये वापरतात तो, हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळतो. फेंडरचं मार्गदर्शन साडेनऊ ते बारा इंच रेडियसच्या (फिंगरबोर्डच्या गोलाईचं माप) बेसला ०.३ मिलिमीटर सांगतं. स्टिंगरे स्पेशलचा रेडियस ११ इंच आहे, तेव्हा इथूनच सुरुवात करावी. जोरकस हाताला ०.४ लागेल, हलक्या बोटांना ०.२५ पुरेल. त्याहून सपाट नेकचा हट्ट धरू नये.

आता दिशा. बेस उताणा ठेवा, हेडस्टॉक तुमच्यापासून लांब. चाकाच्या भोकात घट्ट बसेल असा स्क्रूड्रायव्हर किंवा ॲलन की घाला. दांडा जी तारेकडे (सगळ्यात बारीक तार) ढकलला की रॉड आवळतो, बाक कमी होतो. ई तारेकडे ढकलला की सैल होतो, बाक वाढतो. (डावखुऱ्या बेसवर तारा उलट, तेव्हा डावी-उजवी बाजूच लक्षात ठेवा: उजवीकडे आवळणं.) एका वेळी एक भोक, बस्स. मग पुन्हा सुरात लावा, कारण रॉड हलला की सूर हलतोच, आणि पुन्हा मोजा. बाक खूप असेल तर आवळण्याआधी तारा अर्धा-एक सूर उतरवा, म्हणजे आट्यांवर ताण येत नाही. चाक अडलं तर जोर लावू नका. लाकूड कधीकधी उशिरा स्थिरावतं, म्हणून दुसऱ्या दिवशी एकदा तपासावं.

तक्रारी आहेत. दांडा बारीक असेल तर भोकाच्या कडा खराब होतात, निसटला तर बॉडीवर ओरखडा उठतो. खाली जाड कागद ठेवणं शहाणपणाचं. चाक उघडं असल्याने घाम आणि धूळही तिथे साचते. तारा बदलताना कोरड्या ब्रशने झाडून घ्यावं.

नेक भाजलेल्या मेपलचा आहे. भाजल्याने लाकूड हवेतली ओल कमी शोषतं, म्हणून मुंबईच्या जुलैत किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर ते साध्या मेपलपेक्षा कमी हलतं. कमी, पण हलतं. पावसाळा लागताना आणि थंडी सुरू होताना मोजून घ्यावं. नेक कोणत्या बाजूला वळेल हे त्या त्या लाकडावर असतं, तेव्हा आधी माप, मगच चाक. ४५-१०० वरून ५०-१०५ च्या तारांवर गेलात तर ओढ वाढते. तेव्हाही हेच.

चाकाने काय सुटत नाही, हेही माहीत हवं. पहिल्या चार-पाच फ्रेटवर खरखर असेल तर नेक बहुधा फार सपाट किंवा मागे वाकलेला आहे, रॉड सैल करा. फक्त मोकळी तार खरखरत असेल तर हेडस्टॉकजवळ तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीची (तिलाही नटच म्हणतात) खाच तपासा. बाराव्या फ्रेटच्या पुढची खरखर सॅडलच्या (बॉडीवर तार टेकते तो तुकडा) उंचीची किंवा फ्रेटची असते, तिथे रॉडचा हात पोचत नाही. पिळलेला नेकही रॉडने सरळ होत नाही. आणि ॲक्शन, म्हणजे तारांची फ्रेटपासूनची उंची, कमी करायला रॉड कधीच वापरू नये. रिलीफ बसल्यावर सॅडलने सतराव्या फ्रेटवर ई तार २.४ आणि जी तार २ मिलिमीटरवर आणा, मग इंटोनेशन (वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर लागणं), शेवटी पिकअपची उंची. क्रम उलटा केला तर सगळं पुन्हा करावं लागतं.

किंमत मोठी आहे, आणि ती केवळ या चाकासाठी मोजा असं कुणी म्हणणार नाही. पण दोन बेसमध्ये मन अडकलं असेल आणि सेटअप, म्हणजे ही सगळी जुळवाजुळव, स्वतः करणार असाल, तर चाकाचं पारडं जड धरा. चाक असलेला जुना स्टिंगरे घेताना दुकानात किल्ली मागून घ्या आणि चाक एक भोक सैल करून परत आवळून बघा. ते सहज फिरलं, भोकांच्या कडा शाबूत असल्या आणि आवळायला अजून फेरा शिल्लक असला, तरच भावाची बोलणी सुरू करा.