रात्री अकरालाही उघडी असलेली लॅब

मी एम.ए. भूगोलाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लॅबमधली सॉफ्टवेअर घरून वापरायची सोय आमच्या विभागाने यंदा सुरू केली. जूनपासून मी ती जवळजवळ रोज वापरतेय, म्हणून नवीन मुलांसाठी सविस्तर लिहिते.

माझा लॅपटॉप ४ जीबी रॅमचा, दादाचा जुना. आर्कजीआयएस प्रो या नकाशांच्या सॉफ्टवेअरला किमान ८ जीबी लागते. लॅब पाचला बंद होते आणि चारपासून माझ्या शिकवण्या असतात. ही सोय नसती तर प्रबंधाचा विषयच सोडावा लागला असता. विषय आहे मिठी नदीचं पाणलोट क्षेत्र. मी कुर्ल्याची, मला तो सोडायचा नव्हता.

वापरायला सोपं आहे. ब्राउझरमध्ये लॉगिन करायचं, मोबाइलवर ओटीपी येतो, मग लॅबमधल्या तीस पीसींपैकी मोकळा असेल तो निवडायचा. सगळं काम तिकडे होतं, आपल्याकडे येतं ते फक्त पडद्याचं चित्र, त्यामुळे मोबाइलच्या हॉटस्पॉटवरही भागतं. नकाशा सरकवताना जरा अडखळतो. थ्रीडीच्या वाटेला जाऊ नका. पण जमिनीच्या उंचीवरून पाण्याची वाट शोधणारी फिल, फ्लो डायरेक्शन, फ्लो अ‍ॅक्युम्युलेशन ही टूल्स लॅबमध्ये बसल्यासारखीच चालतात. त्यांना लागणाऱ्या स्पेशियल अ‍ॅनालिस्ट या जोडभागाचा वेगळा परवाना असतो, तो लॅबच्या पीसींवर आहे.

जुलैतल्या एका रात्री माझ्या प्रवाहरेषा पहिल्यांदा उमटल्या. विहार तलावाकडून निघालेली पांढरी रेघ पवईचं पाणी घेऊन खाली आली आणि विमानतळाशी सरळ धावपट्टीवरून गेली. खरी मिठी तिथे काटकोनात वळवलेली आहे. एसआरटीएमच्या डेटात (अंतराळयानातून दर ३० मीटरला मोजलेली जमिनीची उंची) इमारतींची छपरंही उंचवटे म्हणून धरली जातात, सपाट भागात रेघ वाट चुकते, हे वर्गात ऐकलं होतं. त्या रात्री डोळ्यांनी पाहिलं. आई जागीच होती. तिला आमची गल्ली दाखवली, तर तिने उठून भिंतीवर कमरेच्या वर तळहात टेकवला. “२००५ ला इथवर.” त्या २६ जुलैला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हा आकडा माझ्या पहिल्या प्रकरणात होताच. आईच्या हाताची उंचीही मी टेपने मोजून वहीत लिहून ठेवली.

आता तक्रारी. लॅबचा पीसी रीस्टार्ट झाला की डेस्कटॉपवरचं सगळं पुसलं जातं. हे लॉगिनच्या पानावर कुठेही लिहिलेलं नाही. माझं दोन रात्रींचं काम असंच गेलं आणि मी अक्षरशः रडले. फाइल नेहमी विभागाच्या नेटवर्क ड्राइव्हवरच सेव्ह करा, पहिल्या मिनिटापासून.

दुसरी गोष्ट मुलांच्या हातात आहे. काम झालं की बरेच जण ब्राउझरची खिडकी नुसती बंद करतात. तेवढ्याने सत्र संपत नाही, सॉफ्टवेअर तिकडे उघडंच राहतं आणि तो पीसी ‘वापरात’ दिसत राहतो. सबमिशनच्या आठवड्यात मी दीड वाजेपर्यंत तीसच्या तीस लाल ठिपक्यांकडे बघत बसले होते. त्यातले किती जण खरंच काम करत होते? कृपा करून स्टार्ट मेनूत जाऊन साइन आउट करा. विभागानेही पडून राहिलेलं सत्र अर्ध्या तासात आपोआप बंद करायला हवं, हे मी लेखी दिलंय.

साधे नकाशे करायचे असतील तर जागा अडवू नका. क्यूजीआयएस हे तसंच सॉफ्टवेअर मोफत आहे, माझ्या लॅपटॉपवरही चालतं, आणि आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलवर त्याचे धडे आहेत. बरोबर चाक असलेला माउस ठेवा, टचपॅडवर डिजिटायझिंग करताना, म्हणजे नकाशावरच्या रेषा गिरवताना, बोटं भरून येतात.

रविवारी आधी एकही पीसी मिळायचा नाही. शनिवारी लॅब बंद करताना काका मेन स्विच पाडायचे, वर्षानुवर्षांची सवय. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की आता रात्रीही मुलं आत असतात. आम्ही चौघी जाऊन बोललो, तर त्यांनी स्वतःच स्विचबोर्डवर लाल पेनाने कागद लावला: ‘१ ते १० चालू ठेवणे.’ रविवारी तेवढे दहाच असतात, तेव्हा सकाळी आठच्या आत लॉगिन करा.